युद्धातले खेळ, छावणीतले खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंदकात फुटबॉल, तुरुंगात क्रिकेट, काटेरी तारांआड ऑलिम्पिक. असल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरत असतात. काही खऱ्या, काही अर्ध्या खऱ्या, तर काही कुणीतरी नंतर रचलेल्या. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. भर पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धावर आहे.

युद्धकैद्यांना खेळायची परवानगी असते का?

असते, आणि ती कागदावर आहे. १९२९ च्या जिनिव्हा कराराच्या १७ व्या कलमाने सांगितलं की कैद्यांनी स्वतः आखलेल्या बौद्धिक आणि क्रीडाविषयक उपक्रमांना ताब्यात ठेवणाऱ्या देशाने शक्य तेवढं उत्तेजन द्यावं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं ३८ वं कलम जास्त स्पष्ट आहे: व्यायामाची, खेळांची आणि उघड्यावर वावरण्याची संधी द्यायची, आणि त्यासाठी प्रत्येक छावणीत पुरेशी मोकळी जागा ठेवायची.

पण करार पाळणारा हवा. जपानने १९२९ च्या करारावर सही केली, त्याला मान्यता मात्र दिली नाही. सोव्हिएत संघाने तर सहीच केली नव्हती. याचे परिणाम पुढच्या बऱ्याच उत्तरांत दिसतील.

अर्धपोटी माणसं खेळत कशी होती?

खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा. उत्तर सरळ आहे: अर्धपोटी माणसं फारशी खेळत नव्हती. खेळली ती ज्यांच्या पोटात काहीतरी होतं ती.

जर्मनीतल्या ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन कैद्यांना रेडक्रॉसची पार्सलं मिळत. दुधाची भुकटी, डबाबंद मांस, चॉकलेट, सिगारेट. वायएमसीएची युद्धकैदी मदत संस्था चेंडू, हातमोजे, बर्फावरचे स्केट असं साहित्य पाठवी. त्यात अधिकाऱ्यांना सक्तीची मजुरी नव्हती, करारानेच ती माफ होती. म्हणजे दिवसभर मोकळा वेळ, तरुण शरीर आणि जेमतेम का होईना, अन्न. या तिन्ही गोष्टी जुळल्या की मैदान तयार होणारच. साध्या शिपायांना खाणीत, शेतात, कारखान्यात राबावं लागे. त्यांच्या वाट्याला फार तर रविवार यायचा.

त्याच जर्मनीने सोव्हिएत सैन्याचे सुमारे ५७ लाख सैनिक पकडले. त्यातले ३० लाखांहून जास्त कैदेत मेले, बरेचसे भुकेने आणि थंडीने. त्यांच्या छावण्यांतल्या फुटबॉल लीगची कथा तुम्ही ऐकली नसेल. ती नाहीच.

आपल्याकडचं उदाहरण कूटचं. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा इथे सहाव्या पूना डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींचे जवान होते. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांना अनातोलियात योझगाटसारख्या गावी ठेवलं. तिथे ते हॉकी खेळले, ससे मारण्यासाठी त्यांनी शिकारी क्लबसुद्धा काढला. शिपायांना, हिंदी आणि ब्रिटिश दोघांनाही, वाळवंटातून चालवत नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. एकच शरणागती, एकच शत्रू, पण कैद दोन तऱ्हांची.

आणखी एक गोष्ट. जे खेळले त्यांच्याकडे कागद-पेन्सिल होती आणि परतल्यावर आठवणी छापणारे प्रकाशकही होते. त्यामुळे आपल्यापर्यंत पोचलेला छावणीतल्या खेळांचा इतिहास बराचसा अधिकाऱ्यांचा इतिहास आहे. तो वाचताना हे विसरू नये.

१९१४ च्या नाताळात ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खरंच फुटबॉल खेळले का?

नाताळची अघोषित युद्धबंदी खरी आहे. फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी सैनिक खंदकातून बाहेर आले, त्यांनी मधल्या पट्ट्यातले मृतदेह पुरले, सिगारेट आणि बटणं यांची अदलाबदल केली. त्या आघाडीवर ३९ वी गढवाल रायफल्सही होती, म्हणजे यात भारतीय जवानही होते.

फुटबॉलचं मात्र जपून बोलावं. काही पत्रांत आणि रोजनिशींत चेंडू लाथाडल्याचे उल्लेख आहेत. सॅक्सन रेजिमेंटच्या एका अधिकाऱ्याने पुढे आपण ३-२ ने जिंकल्याचंही सांगितलं. पण आखलेलं मैदान, अकरा-अकरा खेळाडू आणि पंच असा सामना झाल्याचा भक्कम पुरावा नाही. गोठलेल्या, तोफगोळ्यांनी खड्डे पडलेल्या जमिनीवर कुणीतरी चेंडू टाकला आणि जो तो धावला, असं दोन-चार जागी घडलं असावं. जाहिरातींत दिसतो तो सामना नंतरच्या काळाची निर्मिती आहे.

फुटबॉल लाथाडत हल्ला केल्याची गोष्ट खरी की खोटी?

खरी. ती एकदा नाही, निदान दोनदा घडली. २५ सप्टेंबर १९१५ ला लूसच्या लढाईत लंडन आयरिश रायफल्सचे जवान चेंडू पुढे ढकलत जर्मन खंदकांकडे गेले. १ जुलै १९१६ ला, सोमच्या लढाईच्या पहिल्या सकाळी, ईस्ट सरे रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनमधल्या कॅप्टन बिली नेव्हिलने आपल्या जवानांना चेंडू दिले. एकावर लिहिलं होतं की हा युरोपियन चषकाचा अंतिम सामना, ईस्ट सरे विरुद्ध बव्हेरियन. दुसऱ्यावर लिहिलं होतं: पंच नाही. नेव्हिल त्याच सकाळी मारला गेला. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे सुमारे १९ हजार जवान ठार झाले.

इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी या चेंडूचं मोठं कौतुक केलं. नेव्हिलचा हेतू बहुधा साधा असावा: पहिल्यांदाच हल्ल्याला निघालेल्या पोरांचं लक्ष समोरच्या मशीनगनवरून दुसरीकडे वळावं.

गॅलिपोलीत तोफांच्या माऱ्यात क्रिकेट कशासाठी खेळले?

फसवण्यासाठी. १९१५ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याला (अँझॅक) तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पातून गुपचूप माघार घ्यायची होती. तुर्कांना वाटलं पाहिजे की सगळं नेहमीसारखं चाललंय. म्हणून १७ डिसेंबरला ‘शेल ग्रीन’ नावाच्या सपाट तुकड्यावर ऑस्ट्रेलियन घोडदळाच्या जवानांनी क्रिकेटचा डाव मांडला. डोक्यावरून गोळे जात होते. २० डिसेंबरच्या पहाटेपर्यंत अँझॅकची सगळी माघार झाली, आणि त्या शेवटच्या माघारीत जीवितहानी जवळपास झालीच नाही. फलंदाजी करणाऱ्या मेजरचा फोटो आजही पाहायला मिळतो.

इंग्लंडचे नामांकित फुटबॉलपटू बर्लिनजवळ कैदेत होते, हे काय प्रकरण?

ही या विषयातली माझी सर्वांत आवडती कथा, म्हणून थोडं लांबवतो.

१९१४ च्या उन्हाळ्यात जर्मन क्लब इंग्रज प्रशिक्षक नेमण्याच्या मागे होते. १९१६ चं ऑलिम्पिक बर्लिनला ठरलं होतं. डर्बी काउंटीचा स्टीव्ह ब्लूमर, इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल करणारा त्या काळचा मोठा तारा, जुलैमध्ये बर्लिनच्या ब्रिटानिया क्लबला शिकवायला आला. फ्रेड पेंटलंड जर्मनीच्या ऑलिम्पिक संघासाठी आला. टॉटनहॅमचा माजी खेळाडू आणि व्यवस्थापक जॉन कॅमेरॉनही तिथेच होता. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि नोव्हेंबरात जर्मनीतल्या लढण्याच्या वयाच्या ब्रिटिश पुरुषांना उचलून श्पांडाऊजवळच्या रूहलेबेन या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर डांबलं. तबेल्यांमध्ये माणसं ठेवली, एकेका खणात पाच-सहा. एका वेळी चार हजारांहून जास्त.

हे कैदी सैनिक नव्हते. व्यापारी, खलाशी, विद्यार्थी, जॉकी, संगीतकार अशी सगळी मंडळी. पुढे न्यूट्रॉन शोधणारा जेम्स चॅडविकही त्यातच होता, आणि त्याने तबेल्यात प्रयोगशाळा थाटली होती. १९१५ च्या वसंतात कैद्यांना शर्यतीच्या धावपट्टीच्या आतला भाग भाड्याने मिळाला. झालं. फुटबॉल संघटना निघाली, बराकीनुसार संघ झाले, लीग सुरू झाली. उन्हाळ्यात क्रिकेट, शिवाय टेनिस, हॉकी आणि तोकडा का होईना, गोल्फसुद्धा.

गंमत पुढे आहे. चार वर्षं रोज फुटबॉलवरच बोलणारे हे लोक सुटल्यावर युरोपभर पांगले. ब्लूमरने स्पेनच्या इरूणमधल्या रेआल उनियोनला १९२४ चा राजाचा चषक जिंकून दिला. पेंटलंडने ॲथलेटिक बिल्बाओला लीगची विजेतेपदं मिळवून दिली, आणि आखूड पासचा खेळ स्पेनमध्ये रुजवण्याचं श्रेय त्याला देतात. असंच काहीसं जिमी होगनचं. तो रूहलेबेनमध्ये नव्हता. युद्धाने त्याला ऑस्ट्रिया-हंगेरीत गाठलं, आणि नजरकैदेच्या काळात त्याने बुडापेस्टच्या एमटीके क्लबला खेळ शिकवला. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ ने लोळवलं तेव्हा हंगेरीच्या लोकांनी त्याचं नाव घेतलं.

कैदेतलं ऑलिम्पिक म्हणजे काय?

१९४० चं ऑलिम्पिक टोकियोहून हेलसिंकीला हलवलं आणि मग रद्द झालं. १९४४ चं लंडनचंही रद्द झालं. पण दोन्ही वर्षी कैद्यांनी आपापलं ऑलिम्पिक भरवलं.

१९४० मध्ये नुरेम्बर्गजवळच्या लांगवासर छावणीत वेगवेगळ्या देशांच्या कैद्यांनी पहारेकऱ्यांच्या नकळत स्पर्धा घेतल्या. ध्वज एका पोलिश कैद्याच्या सदऱ्याच्या कापडाचा. १९४४ मध्ये वोल्डेनबर्ग इथल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या छावणीत मात्र सगळं परवानगीने झालं. २३ जुलैपासून १३ ऑगस्टपर्यंत शर्यती, फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, मुष्टियुद्ध. ध्वज पलंगाच्या चादरीचा, त्यावरची पाच वर्तुळं रंगीत रुमालांची. तलवारबाजी, भालाफेक, तिरंदाजी आणि बांबूउडी यांना जर्मनांनी बंदी घातली. कारण सांगायला नको: पहिल्या तिघांत हत्यार आहे, आणि बांबूउडी येणारा माणूस कुंपणही ओलांडू शकतो. जवळच्याच ग्रोस बोर्नच्या छावणीतही त्याच सुमारास असेच खेळ झाले.

तारखा पाहा. वोल्डेनबर्गचे खेळ चालू असताना १ ऑगस्टला वॉर्सात उठाव सुरू झाला. मैदानात धावणाऱ्या कित्येकांची घरं त्या शहरात होती.

खेळाच्या आडून कैदी पळून जात, ते कसं?

सर्वांत प्रसिद्ध प्रकार लाकडी घोड्याचा. सागान गावची श्टालाग लुफ्ट ३ ही वैमानिकांची छावणी वाळूवर बांधली होती. वर करड्या मातीचा पातळ थर, खाली पिवळी वाळू, म्हणजे कुणी खणलं की रंगावरून लगेच कळणार. बराकी जमिनीपासून उचललेल्या, आणि खणण्याचा आवाज टिपायला जमिनीत मायक्रोफोन पुरलेले.

१९४३ च्या उन्हाळ्यात मायकेल कॉडनर आणि एरिक विल्यम्स या ब्रिटिश कैद्यांनी उड्या मारायचा व्यायामाचा घोडा तयार करवला. रेडक्रॉसच्या खोक्यांचं प्लायवूड वापरलं. रोज चार जण तो उचलून कुंपणाजवळ ठरलेल्या जागी आणून ठेवत. आत एक माणूस लपलेला. बाहेर वीस-पंचवीस जण तासन्‌तास त्यावरून उड्या मारत, आणि त्यांच्या धपधप आवाजात मायक्रोफोनला खालचं खणणं ऐकू येत नसे. आतला माणूस झाकण उघडून भुयारात उतरे, वाळूच्या पिशव्या वर आणून घोड्याच्या आत टांगे, झाकणावर करडी माती पसरे, आणि सगळी वरात परत आत जाई. तीस मीटरहून लांब भुयार असं बोटाबोटाने पुढे सरकलं. २९ ऑक्टोबर १९४३ च्या संध्याकाळी विल्यम्स, कॉडनर आणि ऑलिव्हर फिलपॉट बाहेर पडले. तिघंही स्वीडनमार्गे इंग्लंडला पोचले. पुढच्या मार्चमध्ये त्याच छावणीतून ७६ जण निसटले तेव्हा ७३ पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घातल्या. त्यापुढे घोड्याचं यश किती विरळ होतं ते कळतं.

उड्या मारणाऱ्यांचं मला जास्त कौतुक वाटतं. पळणार तिघंच आहेत हे माहीत असताना, तुटपुंज्या शिध्यावर त्यांनी महिनोन्‌महिने घाम गाळला.

जर्मनीतल्या कोल्डिट्झच्या किल्ल्यात कैद असलेला फ्रेंच घोडदळाचा अधिकारी पिएर मॅरेस-लब्रँ याने तर भुयारही खणलं नाही. जुलै १९४१ मध्ये व्यायामाच्या वेळी त्याच्या सहकाऱ्याने दोन्ही हातांची पायरी केली, त्यांवर पाय ठेवून लब्रँने कुंपणापलीकडे झेप घेतली आणि गोळ्या चुकवत भिंत ओलांडली. पुढे सायकल चोरून तो स्वित्झर्लंडला गेला. त्याच किल्ल्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्टूलबॉल नावाचा धसमुसळा खेळ काढला होता. दोन टोकांना दोन स्टुलं, प्रत्येकावर बसलेला गोलरक्षक, त्याला खाली पाडलं की गोल. नियम जवळपास नव्हतेच.

पत्ते आणि मोनोपॉलीतून नकाशे पाठवल्याचंही खरं आहे. कैद्यांना पळायला मदत करणारं ब्रिटनचं एमआय-९ हे गुप्त खातं लीड्सच्या वॉडिंग्टन कंपनीकडून रेशमावर नकाशे छापून घेई आणि खेळांच्या साहित्यात लपवून पाठवी. यासाठी बनावट धर्मादाय संस्था काढल्या होत्या. रेडक्रॉसच्या पार्सलांना मात्र मुद्दाम हात लावला नाही. ती बंद झाली असती तर हजारो लोक उपाशी राहिले असते.

छावणीतून पळून डोंगर चढून परत आलेले इटालियन कोण?

फेलिचे बेनुत्सी आणि त्याचे दोन साथीदार, जोव्हान्नी बालेत्तो आणि विन्चेन्झो बार्सोत्ती. केनियातल्या नान्युकी इथे ब्रिटिशांच्या छावणी क्रमांक ३५४ मध्ये ते होते. समोर माउंट केनिया. पळून जायला जवळ तटस्थ देश नाही, करायला काम नाही. बेनुत्सीने ठरवलं, पळायचं ते वर चढण्यासाठी.

भंगारातले लोखंडाचे तुकडे आणि तार यांपासून बुटांचे काटे बनवले, हातोड्यांपासून बर्फाच्या कुऱ्हाडी, खाटांच्या जाळीच्या सुतळीपासून दोर. नकाशा नव्हता. मांसाच्या एका डब्यावर त्या डोंगराचं चित्र होतं, त्यावरून वाट ठरवली. २४ जानेवारी १९४३ ला निघाले. मुख्य सुळका बातियान जमला नाही, पण बेनुत्सी आणि बालेत्तो यांनी ४,९८५ मीटर उंचीच्या लेनाना शिखरावर इटलीचा ध्वज लावला, आणि अन्न संपलेल्या अवस्थेत १० फेब्रुवारीला तिघं स्वतःहून छावणीत परतले. शिक्षा २८ दिवस एकांतवासाची झाली. छावणीच्या प्रमुखाने त्यांच्या खिलाडूपणाला दाद देत ती ७ दिवसांवर आणली.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना यातलं वेड लगेच ओळखू येईल.

जपानी छावण्यांतही खेळ झाले का?

सुरुवातीला झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि हजारो ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिक तिथल्या चांगी छावणीत अडकले. ऑस्ट्रेलियनांनी आपल्या पद्धतीच्या फुटबॉलची लीग चालवली. उत्कृष्ट खेळाडूला घरच्यासारखं ब्राउनलो पदक ठेवलं, आणि ते पीटर चिट्टीला मिळालं. १९३८ च्या ॲशेसमध्ये ऑस्ट्रेलियाचं यष्टिरक्षण केलेला बेन बार्नेट तिथे होता. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ‘कसोटी’ही रंगल्या.

मग माणसं सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर गेली आणि खेळ संपला. त्या मार्गावर सुमारे १२ हजार युद्धकैदी मेले, आणि मलाया, ब्रह्मदेशातून नेलेले आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त, ज्यांत तमिळ मळेकामगार फार होते. तिथे क्रिकेट उरलं ते बोलण्यात. क्रिकेट समालोचक ई. डब्ल्यू. स्वॉन्टनकडे १९३९ चं विस्डेन, म्हणजे क्रिकेटचा वार्षिक ग्रंथ, होतं. जपानी सेन्सॉरने तपासून त्यावर आक्षेपार्ह नसल्याचा शिक्का मारला. इतक्या हातांतून गेलं की पानं सुटली, मग कैद्यांनी भाताच्या खळीने ते पुन्हा बांधलं. जुने धावफलक वाचून लोक रात्री काढत.

कीव्हच्या ‘मृत्यूच्या सामन्या’त जिंकल्यामुळे खेळाडूंना लगेच गोळ्या घातल्या का?

नाही. हीच गोष्ट सर्वांत जास्त चुकीची फिरते.

कीव्ह १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी घेतलं. डायनामो आणि लोकोमोटिव्हचे काही माजी खेळाडू शहरातल्या एका पाव कारखान्यात कामाला लागले. तिथून एफसी स्टार्ट हा संघ उभा राहिला. गोलरक्षक मिकोला ट्रुसेविच त्यांचा आधारस्तंभ. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांनी आलेल्या सगळ्या संघांना हरवलं. ६ ऑगस्टला विमानवेधी तोफखान्याच्या फ्लाकेल्फ या जर्मन संघाला ५-१ ने. ९ ऑगस्टच्या परतीच्या सामन्यात ५-३ ने.

सोव्हिएत कथेनुसार ‘हरा, नाहीतर मराल’ अशी धमकी होती, ती झुगारली, आणि जिंकलेल्या कपड्यांतच त्यांना भिंतीशी उभं केलं. प्रत्यक्षात १६ ऑगस्टला हा संघ आणखी एक सामना खेळला आणि ८-० ने जिंकला. अटका त्यानंतर झाल्या. कोरोत्कीख हा खेळाडू गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, छळात मेला. ट्रुसेविच, क्लिमेन्को आणि कुझमेन्को यांना २४ फेब्रुवारी १९४३ ला सिरेत्स छावणीत इतर कैद्यांबरोबर गोळ्या घातल्या, सामन्यानंतर सहा महिन्यांनी. डायनामो हा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा क्लब होता, संशयाला तेवढं कारण पुरेसं होतं. हॅम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी दीर्घ तपास २००५ मध्ये बंद केला, तेव्हा सामना आणि मृत्यू यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नव्हता.

दंतकथा काढून घेतली तरी चार माणसं मेलीच. त्यांना मोठं करण्यासाठी खोटा शेवट जोडायची गरज का पडावी, हे मला कळत नाही. सोव्हिएत राजवटीला ती पडली, कारण व्याप्त शहरात फुटबॉल खेळणारे लोक एरवी शत्रूशी हातमिळवणी करणारे ठरले असते.

खेळांचा वापर जगाला फसवायला केला गेला का?

भरपूर. तेरेझीन या ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत बराकीच्या चौकात सात-सात जणांच्या संघांची लीग चाले. स्वयंपाकी, खाटीक, कपड्यांचं कोठार असे कामानुसार संघ. खेळणाऱ्यांसाठी ती लीग खरीच होती. १९४४ मध्ये नाझींनी त्यातला एक सामना प्रचारपटासाठी चित्रित केला. त्यानंतरच्या आठवड्यांत मैदानातले आणि प्रेक्षकांतले बरेच जण ऑश्विट्झला रवाना झाले.

कोरियन युद्धात, नोव्हेंबर १९५२ मध्ये, चिन्यांनी प्योकतोंग इथे वेगवेगळ्या छावण्यांतल्या कैद्यांचं ‘ऑलिम्पिक’ भरवलं आणि त्याची सचित्र पुस्तिका वाटली.

ऑश्विट्झमध्ये तर खेळ ही पहारेकऱ्यांची करमणूक होती. १९३१ मध्ये फ्लायवेट गटाचा जगज्जेता झालेल्या ट्युनिशियाच्या व्हिक्टर पेरेझला तिथे मुष्टियुद्ध खेळावं लागलं. जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी करताना चालवत नेलेल्या कैद्यांत तो मारला गेला. म्हणून फोटोत हसरे खेळाडू दिसले की कॅमेरा कुणाच्या हातात होता हे आधी विचारावं.

मान मोडूनही खेळत राहिलेला गोलरक्षक युद्धकैदी होता ना?

हो. बर्ट ट्राउटमन, ब्रेमेनचा, जर्मन छत्रीधारी सैनिक. लँकेशरमधल्या ॲश्टन-इन-मेकरफील्डच्या छावणीत तो मैदानातला खेळाडू होता, तिथेच गोलमध्ये उभा राहायला लागला. मायदेशी परतण्याची संधी नाकारून तो इंग्लंडमध्येच राहिला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं तेव्हा सुमारे २० हजार लोक निषेधाला रस्त्यावर आले. शहराचे रब्बी अलेक्झांडर आल्टमन यांनी मात्र एका माणसाला सगळ्या देशाच्या गुन्ह्याची शिक्षा देऊ नये असं जाहीरपणे सांगितलं. १९५६ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात टक्कर होऊन त्याच्या मानेचं हाड मोडलं, तरी तो शेवटपर्यंत खेळला आणि सिटी ३-१ ने जिंकली. हाड मोडल्याचं काही दिवसांनी एक्स-रेत कळलं.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि सुरुवात अहमदनगरपासून करावी लागते. बोअर युद्धात पकडलेले हजारो बोअर सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात धाडले गेले, त्यातले काही नगरला आले. सिलोनमधल्या बोअर कैद्यांच्या संघाने जुलै १९०१ मध्ये कोलंबोत कोल्ट्स क्लबशी चक्क क्रिकेटचा सामना खेळला, आणि ते हरले. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन नागरिक डांबले होते, दुसऱ्यात पुन्हा जर्मन. त्यांत नंगा पर्बतची पाहणी करून परतणारे गिर्यारोहक हाइनरिश हारर आणि पेटर आउफश्नायटर होते. नगरहून त्यांना देवळालीला आणि मग डेहराडूनला हलवलं. एप्रिल १९४४ मध्ये तिथून निसटून दोघं अखेर ल्हासाला पोचले. १९४२ नंतर नगरच्याच किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद होते.

क्रिकेटचा धागा मुंबईत सापडतो. मार्च १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा काढणारा डेनिस कॉम्प्टन हा महूच्या लष्करी तळावर नेमलेला ब्रिटिश सैनिक होता. कर्णधार होते नागपूरचे सी. के. नायडू. विजय मर्चंटनी २७८ केल्या आणि मुंबई जिंकली. त्याच वर्षाअखेर लिंडसे हॅसेटचा ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघ भारतात आला. सगळे नुकतेच युद्धातून सुटलेले. सलामीचा कीथ कारमोडी सागानच्या, लाकडी घोड्याच्या त्याच छावणीत कैदी होता. मुंबई आणि कलकत्त्याचे सामने अनिर्णित राहिले, मद्रासला भारताने बाजी मारली.

युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या खेळांचं काय?

पॅरालिम्पिकचा जन्मच तिथला. जर्मनीतून निसटलेले ज्यू मज्जाशल्यविशारद लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यात दोन स्त्रिया होत्या.

आपले मुरलीकांत पेटकर या परंपरेतले. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलातले (ईएमई) जवान, मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

यातल्या वस्तू आज कुठे पाहायला मिळतात?

स्वॉन्टनचं विस्डेन लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे. वोल्डेनबर्गचा चादरीचा ध्वज आणि नुरेम्बर्गचा सदऱ्याचा ध्वज वॉर्साच्या क्रीडा संग्रहालयात आहेत. नेव्हिलच्या पलटणीचा एक चेंडू डोव्हरच्या किल्ल्यातल्या रेजिमेंटच्या संग्रहालयात आहे. दुसरा सरेमधल्या क्लँडन पार्क वाड्यात होता, तो २०१५ च्या आगीत जळाला.